काठाचा चिखल राहू द्या

संपादक महोदय,

उजनी धरणाचे पाणी ओसरू लागले की भिगवणच्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे सगळीकडे झळकतात. त्याच काठावर चिखलात चोच खुपसत फिरणारे पाणटिवळे, तुतवार आणि छोटे टिलवे मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात. पार सैबेरियापासून येणाऱ्या या पक्ष्यांपैकी काही हिवाळाभर इथेच राहतात, तर काही थोडे दिवस चरून पुढे जातात. त्यांना लागतो तो उथळ काठ पुणे परिसरात सुशोभीकरणाच्या नावाखाली नाहीसा होतो आहे.

२०२२ साली पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, कुठेही न उतरता उडाला. ती बातमी वाचून या पक्ष्यांना थांबा लागतच नाही, असा अनेकांचा समज झाला. पण निघण्याआधी हे पक्षी अलास्काच्या चिखलात भरपूर चरून चरबी साठवतात आणि उन्हाळ्यात परतताना पिवळ्या समुद्राच्या काठी उतरतातच. दक्षिण कोरियातील सेमनगमची भरतीओहोटीची दलदल २००६ साली ३३ किलोमीटरच्या बांधाने समुद्रापासून तोडली. तिथे उतरणारे ‘ग्रेट नॉट’ हे चिखलात चरणारे स्थलांतरित पक्षी शेजारच्या खाडीत मुक्कामाला गेले नाहीत. ऑस्ट्रेलियात पोहोचणारी त्यांची संख्याच घटली.

यामागे साधा हिशेब आहे. चरबीतून ग्रॅममागे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. म्हणून इंधन चरबीचेच. मोठ्या पल्ल्याआधी वजन वाचवण्यासाठी काही जातींचे जठर आणि आतडी आक्रसतात. असा पक्षी थांब्यावर उतरला तरी लगेच पोटभर खाऊ शकत नाही. आधी आतडी पूर्ववत होतात, मग अंगावर चरबी चढते. या दिवसांत त्याला वारंवार उडवले तर साठवण्याऐवजी असलेलेच खर्ची पडते. उत्तरेकडचा उन्हाळा तोकडा असतो, त्यामुळे इथून उशिरा आणि अशक्त निघालेल्या पक्ष्याचा विणीचा हंगाम हुकू शकतो.

पाणटिवळ्याची चोच दुर्बिणीतून नीट पाहावी. टोकाशी स्पर्शाचे सूक्ष्म संवेदक असतात आणि बाकी चोच मिटलेली ठेवून नुसते टोक उघडता येते. चिखलातली अळी अशी न दिसताच पकडली जाते. पण त्यासाठी चिखल मऊ हवा. वाळून कडक झालेल्या गाळात चोच शिरत नाही, आणि जलपर्णीचा गालिचा पसरला की खाली अन्न असूनही उपयोग नाही.

पाण्याची खोलीही जातीनुसार लागते. छोट्या टिलव्याला तीन-चार सेंटिमीटरपलीकडे चालत नाही, पाणटिवळा पोटापर्यंतच्या पाण्यात उतरतो. काठाचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल तर पाणी १० सेंटिमीटर उतरल्यावर पाच मीटर रुंदीचा ओला पट्टा उघडा पडतो. उभ्या दगडी भिंतीला कितीही पाणी उतरले तरी शून्य! तलावाभोवती फरसबंदी आणि जॉगिंग ट्रॅक करायचाच असेल तर निदान एक बाजू मातीच्या सपाट उताराची ठेवावी आणि गाळ काढताना काठापासूनच खोल खड्डा करू नये. एवढी अट निविदेत घालायला पैसे पडत नाहीत.

उजनीच्या गाळपेर जमिनीत, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात, पिके घेणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. पाण्यालगतची ओली पट्टी मोकळी सोडली आणि तिथे कीटकनाशक फवारले नाही, तरी बरेच साधेल. नावाड्यांनी काठाजवळ इंजिन बंद करून बांबूने नाव ढकलावी. पक्षी चरणे थांबवून माना वर करू लागले, की नाव तिथेच थांबवावी. पर्यटकांना थवा उडतानाचा फोटो हवा असतो हे खरे, पण त्यासाठी पैसे देणाऱ्यालाही नाही म्हणता आले पाहिजे.

एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रंगीत पट्टी किंवा कडे दिसले तर पाय डावा की उजवा, पट्टी गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम आणि अक्षरे टिपून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. त्यासाठी पक्षी उडवावा लागत नाही. अक्षरे चरणाऱ्या पक्ष्याच्या पायावरच नीट वाचता येतात.

— काही पक्षिनिरीक्षक, पुणे