सिंगापूरचं ऊन आणि दुपारचा पाऊस

चि. सौरभ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, इथं पारा ३४ च्या वर क्वचितच जातो. अकोल्याच्या ४५ मध्ये वाढलोय मी, मला काय होणार?" त्या वेळी तुला बांधकामाच्या साईटवर परत जायचं होतं, म्हणून मी काही बोललो नाही. पण विषय फोनवर दोन वाक्यांत संपणारा नाही. सिंगापूरच्या यार्डात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. त्या उन्हाची आणि त्या पावसाची मला पूर्ण ओळख आहे, आणि आता तुझ्या हाताखाली माणसं आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय.

अकोल्याचं ऊन कोरडं. घाम आला की लगेच वाळतो आणि वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. शरीर थंड ठेवायचा माणसाकडे तेवढाच मुख्य उपाय आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरसुद्धा दूर नाही, चारी बाजूंनी समुद्र. पहाटे हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या पुढे असते आणि भर दुपारीही बहुधा साठच्या आसपास राहते. अशा हवेत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. पाणी जातं, मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. तिथला आजवरचा उच्चांक अवघा ३७ अंशांचा आहे: १७ एप्रिल १९८३ ला तेंगाह इथे, आणि पुन्हा १३ मे २०२३ ला आंग मो किओ इथे. आपल्याकडे मार्चमध्येच ३७ होतात आणि कोणी त्याची दखलही घेत नाही. पण त्या आकड्यावर तिथली माणसं आडवी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून तिथे काम करणाऱ्याने साधा पारा बघायचाच नाही. बघायचा तो डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर), म्हणजे ऊन आणि दमट हवा मिळून अंगाला किती ताप देतात त्याचा आकडा. त्यात तीन थर्मामीटर असतात. एकाभोवती ओलं कापड, एक काळ्या गोळ्यात, एक सावलीतला साधा. हिशोबात ओल्याला सत्तर टक्के वजन, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला वीस आणि साध्या पाऱ्याला फक्त दहा. घाम वाळतो की नाही, यालाच सगळं महत्त्व दिलंय ते उगाच नाही. ३१ च्या खाली असला तर धोका कमी, ३१ ते ३३ मध्यम, ३३ आणि वर म्हणजे जास्त. ३४ अंश तापमान आणि ३३ डब्ल्यूबीजीटी यांत काय अंतर आहे ते नवीन माणसाला चटकन कळत नाही. तुला कळलंच पाहिजे.

आमच्या वेळी सगळं सुपरवायझरच्या मर्जीवर होतं. आता तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम केलेत. डब्ल्यूबीजीटी ३२ झाला की जड काम करणाऱ्याला तासाला किमान १० मिनिटं सावलीत विश्रांती, ३३ झाला की १५ मिनिटं. दर तासाला पाणी. पन्नास लाख सिंगापूर डॉलर किंवा त्याहून मोठ्या कंत्राटाच्या बांधकामावर डब्ल्यूबीजीटीचं स्वतःचं मीटर हवं. तुमच्या साईटवर ते आहे का, आणि असेल तर कुठे ठेवलंय? ऑफिसच्या कंटेनरच्या सावलीत ठेवलेलं मीटर स्लॅबवरच्या माणसाबद्दल काहीही सांगत नाही.

त्याच नियमांत एक गोष्ट आहे जी कामाच्या घाईत सगळ्यात आधी मोडली जाते. नव्याने आलेल्या, किंवा मोठ्या सुट्टीवरून परतलेल्या माणसाला निदान ७ दिवस हळूहळू उन्हात न्यायचं. उष्णतेची सवय ही खरीखुरी शारीरिक गोष्ट आहे. त्या दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं. आणि काही आठवडे थंडाव्यात काढले की ही सवय उतरते. यार्डात आमच्याबरोबर तंजावरकडचा एक वेल्डर होता, अंगाने दणकट, वर्षानुवर्षं तिथेच काम केलेला. लग्नासाठी गावी जाऊन आला आणि आल्या आल्या त्याला बंद टाकीत उतरवलं. जुना माणूस आहे, त्याला काय होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. दुपारी तो स्वतःशीच असंबद्ध बोलायला लागला. आम्ही त्याला बाहेर काढून पाण्याच्या नळाखाली धरलं म्हणून वाचला. उष्माघातात घाम थांबतो असं लोक समजतात. कष्टाच्या कामात झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. त्याचाही चालूच होता. तू बोलण्याकडे लक्ष दे. माणूस बरळायला लागला, चिडचिड करायला लागला, साध्या प्रश्नाचं उत्तर देईना, तर आधी ९९५ ला फोन आणि गाडी येईपर्यंत अंगावर भरपूर पाणी आणि वारा.

तू अकोल्याचा आहेस हे खरं, पण सिंगापूरला जाण्याआधी दोन वर्षं पुण्यात एसी ऑफिसमध्ये बसलास. हे सात दिवस तुलाही लागू आहेत.

आता पावसाचं. तिथलं हवामान खातं दर पंधरवड्याला पुढचा अंदाज देतं. एप्रिल-मेमध्ये त्यात बहुधा एकच ठरलेला मजकूर असतो: बहुतेक दिवशी दुपारी बेटाच्या काही भागांत गडगडाटी पाऊस, काही दिवशी पारा ३४ च्या वर. वाचून माणूस म्हणतो, रोजचंच आहे. पण ते 'काही भागांत' नीट समजून घे. ईशान्य मोसमी वारे गेलेले, नैऋत्येचे अजून आलेले नाहीत, वारा पडलेला. मार्चच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर असतो, नंतरही फारसा लांब जात नाही. बेटाची जमीन सकाळभर तापते, दोन्हीकडून समुद्रावरचा वारा आत शिरतो, आत येऊन एकमेकांवर आदळतो आणि हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही. तासा-दीड तासात ढग उभा राहतो. आपल्याकडचा वळीव याच घराण्यातला, फक्त आपल्याला तो उन्हाळ्यात चार-सहा वेळा भेटतो आणि तिथे या दिवसांत जवळपास रोज. पश्चिमेला जुरोंगमध्ये रस्ते तुंबलेले आणि पूर्वेला चांगीला लख्ख ऊन, असं नेहमी होतं. नेमका कुठे कोसळेल हे पंधरा दिवस आधी कोणीच सांगू शकत नाही. त्या दिवसाचं काम त्या दिवशीच्या रडारवर ठरवायचं.

पावसाने माणूस भिजतो, विजेने मरतो. तुझी माणसं लोखंडी परांचीवर आणि सळयांच्या जाळीवर उभी असतात. वीज ढगापासून दहा किलोमीटर लांबही पडते, डोक्यावर निळं आकाश असतानासुद्धा. चमकल्यापासून आवाज यायला तीस सेकंदांपेक्षा कमी लागले तर सगळ्यांना खाली उतरव, क्रेन थांबव. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणाला वर पाठवू नकोस. या अर्ध्या तासावर तुझ्यावर दबाव येईल, काँक्रीटची गाडी गेटवर उभी असेल. तरी पाठवू नकोस.

पाऊस थांबल्यावर गार वाटतं आणि सगळे दुप्पट वेगाने राहिलेलं काम उरकायला धावतात. मग ऊन पडतं, ओल्या स्लॅबवरून वाफ निघते आणि ओला थर्मामीटर पुन्हा चढतो. मला विचारशील तर दिवसातली सगळ्यात फसवी वेळ हीच. प्लाय निसरडा असतो, माणूस थकलेला असतो, आणि पाणी प्यायला हवं हे कोणाच्या डोक्यात नसतं. त्याच वेळी ताडपत्रीच्या घड्यांत आणि रिकाम्या डब्यांत साचलेलं पाणी ओतून टाकायला सांग. मेपासून डेंग्यूचे दिवस सुरू होतात, आणि तो डास स्वच्छ पाण्यातच वाढतो.

एक वारा वेगळा आहे, त्याला तिथे 'सुमात्रा' म्हणतात. रात्री सुमात्रा बेटावर किंवा मलाक्काच्या सामुद्रधुनीवर ढगांची रांग तयार होते आणि पहाटे सिंगापूरवर येते. एप्रिल ते नोव्हेंबर कधीही. ताशी ४० ते ८० किलोमीटरचे झोत नेहमीचे. २५ एप्रिल १९८४ ला तेंगाहला १४४ ची नोंद आहे. नेमकी तीच वेळ डॉर्मिटरीतून माणसं लॉरीच्या मागे बसून साईटवर यायची. म्हणून संध्याकाळी निघताना पत्रे, प्लायचे तक्ते, ताडपत्र्या बांधल्या आहेत का ते स्वतः फिरून बघ. दुसऱ्यावर सोडू नकोस.

सौरभ, तुझ्याकडे छत्री आहे, टेबल आहे, गार हवेचा कंटेनर आहे. ऊन वाढलं तर तू आत जाऊ शकतोस. सळया बांधणारा माणूस तुला विचारल्याशिवाय जाऊ शकत नाही, आणि तो विचारणारही नाही. गावी कर्ज असतं, एजंटचे पैसे फिटलेले नसतात, कामचुकार म्हणून परत पाठवतील याची भीती असते. चक्कर येत असली तरी 'ओके बॉस' म्हणेल. तेव्हा हवामानाचा अंदाज तू स्वतःसाठी वाचू नकोस, त्याच्यासाठी वाच. विश्रांतीची दहा मिनिटं त्याने मागायची नसतात, तू द्यायची असतात.

आईने कोकमाचं आगळ आणि सैंधव वेगळं बांधून ठेवलंय, पुढच्या महिन्यात येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर पाठवतो. इथे सगळं ठीक आहे, आजीचा गुडघा आता बरा आहे.

दोन गोष्टी मला कळव. मीटर कुठे ठेवलंय ते, आणि सकाळी काम सुरू होण्याआधीच्या टूलबॉक्स मीटिंगमध्ये त्या दिवसाचा उन्हा-पावसाचा अंदाज तमिळ आणि बंगालीत सांगणारा कोणी आहे का ते. नसेल तर जुन्या कामगारांतला एक-एक माणूस या आठवड्यातच नेम.

तुझे,
बाबा