गटात हीलर का मिळत नाही?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केल्यापासून आपल्या वाचकपत्रांत या विषयावर बरेच लिहिले जात आहे. त्यातील बहुतेक पत्रांत पैसे लावून खेळायचे पत्ते, मोबाइलवरचे गोळीबाराचे खेळ आणि एखादे पात्र धारण करून गटाने खेळायचे मोठे खेळ, या सर्वांना एकाच पंक्तीत बसवलेले दिसते. कायद्याने स्वतः हा घोळ केलेला नाही. त्याने बंदी घातली ती पैशाच्या खेळांवर. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे सामाजिक खेळ त्याने वेगळे ठेवले आहेत. मांडवीत कॅसिनोच्या बोटी नांगरलेल्या असताना जुगार आणि खेळ यांतला फरक गोव्याच्या वाचकाला मी समजावून सांगावा असे नाही. मला लिहायचे आहे ते पात्र धारण करून गटाने खेळायच्या खेळांतील हीलर, म्हणजे साथीदारांना बरे करणारा, या भूमिकेविषयी, जिच्यावाचून गट मोहिमेवर निघू शकत नाही आणि जी घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. मी एका उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते आणि सवड मिळेल तेव्हा हीच भूमिका खेळते.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये डंजन नावाच्या बंदिस्त मोहिमेवर पाच जण जातात. त्यांतला एक टँक असतो. शत्रूचा मार स्वतःच्या अंगावर ओढून घेणे हे त्याचे काम. तिघे डीपीएस, म्हणजे प्रहार करणारे. पाचवा हीलर, इतर चौघांचा आणि स्वतःचा जीव राखणारा. ‘फायनल फँटसी १४’मध्ये लहान गटातील चौघांत एक हीलर असतो आणि आठ जणांच्या मोठ्या गटात दोन. वॉरक्राफ्टच्या सर्वांत अवघड रेडसाठी, म्हणजे मोठ्या पथकाच्या मोहिमेसाठी, वीस जण लागतात आणि त्यात साधारण चार-पाच हीलर घेतले जातात. म्हणजे चार-पाच खेळाडूंमागे एक पुरतो, पण तेवढेही मिळत नाहीत. वॉरक्राफ्टने २००९च्या डिसेंबरात अनोळखी खेळाडूंचे गट आपोआप जुळवून देण्याची सोय केली तेव्हा ही टंचाई उघडी पडली. डीपीएस म्हणून नाव नोंदवणारा रांगेत ताटकळत राही आणि हीलरला बहुधा लगेच बोलावणे येई. २०११ मध्ये तर जी भूमिका कमी पडत असेल ती पत्करणाऱ्याला कंपनीने जादा बक्षीस द्यायला सुरुवात केली. फायनल फँटसीतही असेच बक्षीस आहे. एवढे आमिष दाखवूनही टंचाई संपलेली नाही.

काम कंटाळवाणे आहे म्हणून लोक टाळतात, असा समज असेल तर तो खरा नाही. समोर डोंगराएवढा राक्षस उभा असतो, पण हीलरची नजर त्याच्यावर क्वचितच जाते. ती असते पडद्याच्या एका कोपऱ्यातील साथीदारांच्या हेल्थ बारवर, म्हणजे कोणाचा किती जीव उरला आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्यांवर. कोणाला, केव्हा आणि कोणत्या मंत्राने बरे करायचे हा निर्णय दर एक-दोन सेकंदांनी घ्यावा लागतो. एक मंत्र सावकाश होतो पण स्वस्त पडतो. दुसरा झटक्यात होतो पण मॅनाचा, म्हणजे मंत्रशक्तीचा, साठा भराभर रिकामा करतो. तिसरा थेंबाथेंबाने काही सेकंद काम करत राहतो. चौथा मार बसण्याआधीच ढाल देतो, म्हणून तो वापरण्यासाठी शत्रू पुढे काय करणार हे पाठ असावे लागते. वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात कोणताही मंत्र टाकला की पुढची पाच सेकंदे मॅनाची नैसर्गिक भर थांबत असे. त्यामुळे चांगला हीलर हात राखून कधी बसतो, यावर मोठ्या लढाईचा निकाल ठरे. आधीच धडधाकट असलेल्याला बरे करण्यात गेलेल्या शक्तीला ओव्हरहील म्हणतात आणि लढाईनंतरच्या आकडेवारीत तो आकडा वेगळा दिसतो.

याहून जुना दाखला १९९९ सालच्या ‘एव्हरक्वेस्ट’चा आहे. त्यातील क्लेरिक या हीलर पात्राचा पूर्ण बरे करणारा मंत्र म्हणून संपायला दहा सेकंद लागत, आणि मोठा शत्रू तेवढ्या वेळात टँकला सहज लोळवू शके. म्हणून अनेक क्लेरिक एका ओळीत क्रमांक लावून, ठरलेल्या अंतराने एकामागून एक मंत्र सुरू करीत. टँक पूर्ण सुदृढ दिसत असतानाच दहा सेकंदांनंतरच्या त्याच्या दुखापतीवरचा उपचार कोणीतरी आरंभलेला असे. एकाने जरी आपली पाळी चुकवली तरी सगळे पथक आडवे होई. रागलोभ बाजूला ठेवून दुसऱ्याच्या वेळेशी आपली वेळ जुळवण्याची ही शिस्त आजच्या खेळांत पुष्कळ सैल झाली आहे, आणि माझ्या मते ते नुकसानच आहे.

सर्वांना वाचवणे शक्य नसते तेव्हाचा क्रमही निर्दय आहे. टँक पडला तर शत्रू बाकीच्यांवर तुटून पडतो, म्हणून त्याला प्रथम पाहायचे. त्यानंतर स्वतःला, कारण मेलेला हीलर कोणालाच बरे करू शकत नाही. प्रहार करणारे शेवटी. नवखा हीलर दयाळूपणे सर्वांना थोडे थोडे वाटत बसतो आणि शेवटी पाचही जण जातात. शिवाय बरे केल्यामुळेही शत्रूचा रोख हीलरकडे वळतो. नव्याने आलेले राक्षस टँकने वेळीच अडवले नाहीत तर ते धावतात ते याच्याच अंगावर.

आता टंचाईच्या खऱ्या कारणाकडे येते. जमिनीवर आग पेटलेली दिसत असतानाही तिच्यातून बाजूला न होणारा, आणखी दोन प्रहार करून घेण्याच्या मोहात उभा राहणारा डीपीएस मरतो, आणि त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘हील कुठे आहे?’ आपल्याकडच्या मुलांच्या गटांतही, कोकणी, मराठी आणि हिंदी यांची सरमिसळ करून डिस्कॉर्ड या ॲपवर बोलणे चाललेले असते तेव्हा, हाच प्रश्न तिन्ही भाषांत ऐकू येतो. साळगावकर संघाचे गोलरक्षक आणि पुढे भारताचे कर्णधार झालेले ब्रह्मानंद शंखवाळकर ज्या राज्याने गोलपोस्टमध्ये उभे पाहिले, त्या राज्यात तरी हे कळायला हवे की बचावफळीने प्रतिस्पर्ध्याला मोकळे सोडल्यावर झालेला गोल एकट्या गोलरक्षकाच्या माथी मारता येत नाही. खेळात तर पुरावाही हाताशी असतो. कोण कशाने मेला, त्याआधीच्या काही सेकंदांत त्याला कोणकोणते मार बसले आणि त्यांतले किती टाळता आले असते, याची नोंद पाहता येते. ती उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे घेतात. यश आले की सर्वांत जास्त प्रहार करणाऱ्याचे कौतुक होते, आणि ज्या हीलरमुळे कोणी मेलेच नाही त्याने काय केले हे विचारायचे कोणाला सुचत नाही.

याहून वाईट एक रीत मला आसपासच्या गटांत दिसते. गटात उशिरा आलेला, वयाने लहान असलेला, किंवा मुलगी असेल तर ती, यांच्या गळ्यात न विचारता हीलरची भूमिका घातली जाते. ‘तुला मागेच तर उभे राहायचे आहे’ असे सांगितले जाते. मग सर्वांत अवघड काम सर्वांत नवख्या माणसाकडून बिघडले की पुन्हा बोलणी त्यालाच. असा खेळाडू महिन्याभरात डीपीएसकडे वळला तर त्याला दोष कसा द्यावा?

खेळ बनवणाऱ्यांनीही उपाय करून पाहिले. २०१२ मध्ये ‘गिल्ड वॉर्स २’ आला तो मुळी खास हीलरची भूमिकाच न ठेवता. प्रत्येकाने आपला जीव आपण राखावा अशी कल्पना होती. परंतु २०१५ मध्ये त्यात दहा जणांचे रेड आल्यावर इतरांना बरे करणारा खेळाडू पुन्हा गटात दिसू लागला. फायनल फँटसीने उलट टोक गाठले असे मला वाटते. तेथे वॉरियरसारखा टँक स्वतःच स्वतःला इतका सावरतो की साध्या मोहिमेत हीलरला एकच प्रहाराचा मंत्र पुन्हा पुन्हा टाकत राहण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. सोप्या लढाईत रिकामे हात आणि अवघड लढाईत शिव्या, अशी या भूमिकेची स्थिती झाली आहे.

या खेळांतून मुले फक्त मारायला शिकतात, असे एका वाचकाने लिहिले होते. त्यांच्यासाठी एक घटना सांगते. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टमध्ये एक अनपेक्षित साथ पसरली. हक्कार नावाच्या शत्रूचा संसर्गजन्य शाप खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर मोहिमेबाहेर शहरांत पोहोचला आणि दुबळी पात्रे क्षणात मरू लागली. पुष्कळ जण शहर सोडून पळाले, काहींनी मुद्दाम संसर्ग पसरवला, आणि बरे करण्याची शक्ती असलेले काही जण, कोणीही न सांगता, आजाऱ्यांकडे धावले. २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या वैद्यकीय नियतकालिकात या घटनेवर लेख आला. मदतीला धावलेल्या हीलरांनी आजाऱ्यांना जगवून आणि स्वतः संसर्ग घेऊन साथ लांबवलीही असेल, हेही त्यात नोंदवले आहे. हेतू चांगला आणि परिणाम उलटा, हा पेच केवळ मारायला शिकवणाऱ्या खेळात उभाच राहिला नसता.

खेळाच्या अतिरेकाकडे मी डोळेझाक करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या विकाराचा समावेश आहे, आणि ज्याचे जेवण, झोप आणि अभ्यास सुटला आहे अशा मुलाला तज्ज्ञाकडे न्यायलाच हवे. पण पालकांना एक व्यावहारिक गोष्ट सांगते. गटाच्या मोहिमेला थांबवण्याचे बटण नसते. साधी मोहीम बहुधा अर्ध्या तासाच्या आसपास संपते, आणि हीलर मध्येच उठला तर बाकी चौघांचा वेळ त्याच्याबरोबर जातो. तेव्हा ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हणण्याऐवजी मोहीम सुरू होण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी, आणि ठरलेली वेळ झाल्यावर दुसरी मोहीम सुरू करू देऊ नये. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा गटाला हे सोसावेच लागते. त्यात घरच्यांनी भर घालू नये.

मुलांच्या गटांना माझी विनंती वेगळी आहे. निदान आठवड्यातून एकदा भूमिका बदलून खेळा, आणि सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या डीपीएसला हीलर करा. वाइप झाल्यावर, म्हणजे सगळा गट मेल्यावर, मृत्यूची नोंद पाहिल्याशिवाय कोणी कोणाला बोलायचे नाही, असा नियम गटात घाला. महाविद्यालयांच्या वार्षिक महोत्सवांत जेथे गटाच्या खेळांच्या स्पर्धा घेतल्या जातात आणि त्या खेळात साथीदारांना सावरणारी भूमिका असते, तेथे आयोजकांनी तिच्यासाठी वेगळे पारितोषिक ठेवावे. सर्वाधिक बळी घेणाऱ्याला ते आजही मिळतेच.

आपली विश्वासू,
एक वाचक शिक्षिका, फोंडा, गोवा