वाइंडिंगवाल्या काकांना, डिकीतून

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आहे, पण उघडंच लिहितोय. माझ्यासारखी गाडीतल्या अ‍ॅम्पच्या, म्हणजे स्पीकरला जोर देणाऱ्या डब्याच्या, लाल दिव्याकडे बघत बसलेली माणसं आणखीही असतील, त्यांच्याही कामाला येईल. नातीला सांगा वाचून दाखवायला. मोबाइलवरचं अक्षर तुम्हाला दिसत नाही म्हणता. अठ्ठावीस नंबरची तार मात्र बिनचष्म्याची ओळखता, ते कसं काय, हा प्रश्न अजून आहेच.

आठवतंय ना, मी मामांबरोबर आलो होतो. विहिरीवरची जळालेली मोटार टेम्पोतून उतरवून तुमच्या दारात ठेवली आणि मी माझ्या जुन्या स्विफ्टमध्ये जाऊन बसलो. गाणं लावलं, आवाज वाढवला, दोनदा धाड धाड झालं आणि बंद. तुम्ही हातातलं काम ठेवून बाहेर आलात. मला वाटलं, आता ओरडा बसणार. तुम्ही म्हणालात, "हे बंद केलंस का बंद पडलं?"

बंद पडत होतं, काका. गेले तीन आठवडे. आधी वर्षभर एकच सबवूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, होता, बारा इंची, चार-चार ओहमच्या दोन कॉइलींचा (पडदा हलवणारी तारेची वेटोळी). आवाज ठीक होता, तक्रार नव्हती. मग हौस वाढली. तसाच दुसरा सबवूफर जुना मिळाला, खोका नवा करून घेतला आणि एका दुकानात जोडून आणला. त्या दिवसापासून गाण्यातला ठोका जरा वर गेला की अ‍ॅम्पवरचा लाल दिवा लागायचा. दुकानदाराचं म्हणणं, अ‍ॅम्प गेलाय, नवा घ्या. मी पैसे जमवायलाही लागलो होतो.

तुम्ही कारमधल्या साउंडला कधी हात लावला नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत. मिरजेत तंबोऱ्याचा खर्ज जुळवणारे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, मिरवणुकीच्या डॉल्बीवाल्यांनाही तोटा नाही. आणि माझा खर्ज लावून दिला मोटारीच्या वाइंडिंगवाल्यानं. पण तुमच्या लेखी ती कॉइल होती, आणि कॉइल म्हटल्यावर परकं काही उरलंच नाही.

तुम्ही पहिल्यांदा मीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवलेत. ०.३ ओहम. "ही मीटरच्या वायरीची चोरी. प्रत्येक वेळी वजा करायची." मग अ‍ॅम्पमधून सबवूफरच्या वायरी काढल्या आणि त्यांच्या टोकांवर मोजलं. १.२ आलं. वजा ०.३, म्हणजे ०.९. तुम्ही अ‍ॅम्पच्या पाठीवरचं बारीक छापील वाचायला सांगितलंत. मी वाचलं: दोन चॅनल वेगवेगळे वापरले तर कमीत कमी २ ओहम, ब्रिज केले तर कमीत कमी ४ ओहम. माझे चॅनल ब्रिज केलेले होते, म्हणजे दोघे मिळून एकच ओझं ओढत होते.

मी विचारलं, चार कॉइली आहेत, प्रत्येक ४ ओहमची, मग ०.९ का? १ तरी यायला हवं. तेव्हा तुम्ही मामांच्या मोटारीकडे बोट दाखवलंत. एक एचपीची सिंगल फेज मोटार, मीटरवर तिचं वाइंडिंग तीनेक ओहम दाखवतं. २३० भागिले ३ केलं तर सत्त्याहत्तर अँपिअर होतात. चालताना घेते का ती तेवढे? सहा-सात घेते. मीटर मोजतं ते नुसत्या तारेचं, डीसीवरचं. एसीवर कॉइलीचा अडथळा वेगळा, फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारा. म्हणून खोक्यावर ४ ओहम लिहिलेली कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, आणि ते बरोबरच असतं. साडेतीनच्या चार कॉइली समांतर जोडल्या की साडेतीनचा पाव, पाऊण-एकच्या मधलं काहीतरी. दुकानदारानं चारही समांतर जोडल्या होत्या.

एकसर आणि समांतर जोडणीची गणितं मी शाळेत सोडवलीत, काका. मार्कही चांगले पडले होते. पण डिकीत तेच गणित पालथं पडलंय हे मला दिसलं नाही, त्याची लाज अजून वाटते.

यापुढे तुम्ही जे सांगितलंत ते मी आता चारचौघांना सांगत फिरतो. तुम्ही मामांना विचारलंत, रानातले सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले तर काय होतं? मामा म्हणाले, मोटार जास्त अँपिअर ओढते, स्टार्टर पडतो, मोटार बंद. "मग स्टार्टर बदलता का?" मामा हसले. मी मात्र बदलायलाच निघालो होतो. लाल दिवा म्हणजे अ‍ॅम्पचा स्टार्टर पडला, एवढंच. अ‍ॅम्पनं २० व्होल्ट बाहेर दिले तर ४ ओहममधून ५ अँपिअर जातात, १ ओहममधून २०. चौपट. ते २० अँपिअर अ‍ॅम्पच्या ट्रान्झिस्टरमधून जाणार, तिथंच तापणार.

ब्रिजचं कोडं तुम्ही करवतीनं सोडवलंत. दोन माणसांची लाकूड कापायची करवत, एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोन्ही चॅनल उलट-सुलट जोर लावतात, म्हणून ओझ्यावर व्होल्ट दुप्पट येतात, आणि प्रत्येकाला ते ओझं निम्म्या ओहमचं वाटतं. ४ ओहम ब्रिजवर लावले तर प्रत्येक चॅनलला २. माझ्या १ ओहमचे झाले अर्धा. ज्याला २ च्या खाली जायचं नाही त्याच्यावर मी अर्धा ओहम लादला होता. तरी तो बिचारा दिवा लावून सांगत होता आणि मी त्यालाच भंगारात काढायला निघालो होतो.

दुकानदाराला शिव्या द्यायला मी तोंड उघडलं तर तुम्ही अडवलंत. जोडणी चुकीची नाही, या अ‍ॅम्पला चुकीची आहे. १ ओहमवर चालेल असा एका चॅनलचा अ‍ॅम्प असता तर हीच जोडणी बरोबर ठरली असती. हे तुमचं खरं. पण अ‍ॅम्पच्या पाठीवरचे दोन आकडे न वाचता जोडणी करणाऱ्यावर माझा राग आहेच, तो तुमच्या सांगण्यानं जायचा नाही.

मग तो कागद. मोटार वाइंडिंगच्या जुन्या बिलाच्या पाठीवर तुम्ही चार वेटोळी काढलीत. एका सबवूफरच्या दोन कॉइली एकसर: ४ आणि ४, आठ. दुसऱ्याच्याही तशाच: आठ. आता ही दोन आठं समांतर: चार. अ‍ॅम्पला हवे तेवढे. माझा आधीचा एकटा सबवूफर ८ वरच चालत होता हेही तेव्हा कळलं. म्हणून वर्षभर तक्रार नव्हती, फक्त अ‍ॅम्प अर्ध्या ताकदीनं चालत होता. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही दुसरं गणितही मांडलंत, जे मला फार उपयोगाचं वाटतं: २-२ ओहमच्या कॉइलींचे दोन सबवूफर घेतले असते तर चार कॉइलींतून निघतात अर्धा, २ किंवा ८. चार निघतच नाहीत. म्हणजे सबवूफर घेण्याआधी अ‍ॅम्प बघायचा. आमच्या मित्रमंडळात सगळे वॅट विचारतात, ओहम कुणी विचारत नाही.

जोडणी तुम्ही केली नाहीत. स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिलात आणि मामांच्या मोटारीकडे वळलात. तासाभरानं मीटरवर ३.८ आलं, वजा ०.३, साडेतीन. मी उड्या मारत गाणं लावलं. दिवा लागला नाही. पण बेसही नव्हता! दोन सबवूफर असून एकट्याच्या निम्माही आवाज येईना. तुम्ही न उठता म्हणालात, "एकाचा धागा उलटा लावलास." म्हणजे एका सबवूफरच्या प्लस-मायनसची अदलाबदल.

अ‍ॅम्पच्या वायरी पुन्हा काढून, घड्याळातला पेन्सिल सेल तुम्ही त्यांच्या टोकांना क्षणभर टेकवलात. एक पडदा बाहेर आला, दुसरा आत गेला. एक हवा ढकलतोय, दुसरा तीच हवा ओढतोय, मग बेस उरणार कुठून? हे दीड व्होल्टचं औषध मी त्यानंतर तीन गाड्यांना लावलंय, आणि एकीत दोष सापडलाही. मीटरला ही चूक दिसत नाही. ओहम तेच येतात.

तुम्ही चिडलात ते मात्र वेगळ्याच गोष्टीवर. बॅटरीकडून येणारी वायर बघताना फ्यूज डिकीत, अ‍ॅम्पशेजारी निघाला. बॅटरीपासून तिथपर्यंत चार-पाच मीटर वायर सीटखालून, पत्र्याच्या कडेवरून येत होती, मध्ये काहीच नाही. फ्यूज अ‍ॅम्पला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. कुठं पत्र्याला घासून टेकली असती तर बॅटरी सगळी त्यातून रिकामी झाली असती आणि गाडीचा कोळसा झाला असता. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हलवेपर्यंत तुम्ही मला गाडी सुरू करू दिली नाहीत. त्याच वेळी ब्लेडनं वायर खरवडलीत आणि आतून पांढरी निघाली. वर तांब्याचा मुलामा, आत अ‍ॅल्युमिनियम. तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहून नेणारं. ती मी तांब्याच्या भावानं घेतली होती. मोटारीतली तार तांब्याची म्हणून अ‍ॅल्युमिनियमची कशी खपवतात याच्या तुमच्या गोष्टी मी मन लावून ऐकल्या, कारण फसलेल्याला दुसऱ्या फसलेल्याच्या गोष्टी बऱ्या वाटतात.

गेनचं बटण (अ‍ॅम्प किती जोर लावणार ते ठरवणारं) लावतानाची एक गंमत राहिली. माझ्या पुस्तिकेत ४ ओहमवर ३०० वॅट लिहिलंय. ३०० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, साधारण साडेचौतीस व्होल्ट. सबवूफर काढून ठेवायचे, ५० हर्ट्झचा सलग आवाज लावायचा आणि मीटर तिथं येईपर्यंत गेन वाढवायचा, पुढं नाही. मी ४० हर्ट्झ लावत होतो. तुम्ही म्हणालात, ५० च लाव, साधं मीटर आपल्या लाइनच्या फ्रिक्वेन्सीसाठीच बनवलेलं असतं, तिथं ते खोटं बोलत नाही. ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. मामांच्या मोटारीचं बिल लावलंत तेवढंच, त्यातही माझ्या कामाची ओळ नव्हती. माझ्या त्या पांढऱ्या वायरीचा तुकडा तुम्ही दुकानात खिळ्याला टांगलाय, असं मामा सांगत होते. राहू द्या तिथंच.

आता दिवा लागत नाही. नवीन अ‍ॅम्पचे जमवलेले पैसे घरी दिले. बिलाच्या पाठीवरचा तो कागद लॅमिनेट करून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. परवा पुन्हा मोजलं: ३.८, वजा ०.३.

आणि काका, मोजलं ते तुमच्याच मीटरनं. त्या दिवशी घाईत ते माझ्या टूलकिटमध्ये आलं. रविवारी घेऊन येतो. काळ्या प्रोबची वायर मुळाशी तुटायला आली होती, ती बदललीय, तांब्याची आहे, खरवडून बघितलीय.

तुमचा,
स्विफ्टवाला