यूरिएजच्या स्फटिकांमागील मार्गदर्शनाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

अबईच्या जातकुळीतील जॅक बीनच्या बियांमधील यूरिएज हे विकर (एन्झाइम) आणि त्याला अडवणारे रोधक रेणू यांवरील माझा प्रबंध विद्यापीठात सादर झाला. या प्रयोगशाळेशी आपला औपचारिक संबंध नसतानाही आपण जो वेळ दिलात, त्याबद्दल हे पत्र.

शेतात टाकलेल्या युरियाचे मातीतील यूरिएजमुळे अमोनियात रूपांतर होते आणि नत्राचा काही भाग हवेत उडून जातो. म्हणून रोधक नेमका कुठे बसतो हे पाहण्याला महत्त्व आहे. जेम्स समनर यांनी कॉर्नेल विद्यापीठात 1926 मध्ये याच यूरिएजचे स्फटिक मिळवले. विकर हे प्रथिन असते, हे त्यांचे म्हणणे त्या काळी अनेक नामवंतांना पटले नव्हते. नोबेल मिळायला 1946 उजाडले. क्ष-किरणांनी याची संपूर्ण रचना उलगडली ती मात्र 2010 मध्ये, मद्रास विद्यापीठात. (आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत समनर भेटतात, चेन्नईचे हे काम क्वचितच भेटते.)

स्फटिक वाढवण्याच्या थेंबात चकाकणारा प्रत्येक कण प्रथिनाचा नसतो, हे आपण बारीक सुई हातात देऊन दाखवलेत. मिठाचा स्फटिक सुईला दाद देत नाही; प्रथिनाच्या स्फटिकात साधारण निम्मे पाणीच असल्याने तो हलक्या स्पर्शानेही भुगा होतो. ग्लिसरॉलमध्ये बुडवून, नायलॉनच्या फाशात अलगद उचलून तो द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचे कसबही आपलेच.

पण माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते इलेक्ट्रॉन घनतेच्या नकाशाचे, म्हणजे रेणूत इलेक्ट्रॉन कुठे दाटले आहेत हे क्ष-किरणांच्या मोजमापांवरून दाखवणाऱ्या नकाशाचे. विकराच्या सक्रिय स्थळी, म्हणजे जिथे अभिक्रिया घडते तिथे, दोन निकेल आयन सुमारे साडेतीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) अंतरावर असतात आणि त्यांच्यालगत रोधक दिसावा अशी आमची सर्वांचीच इच्छा होती. आपण तो रोधक रेणू आम्ही मांडलेल्या रचनेच्या प्रतिकृतीतून काढून टाकायला लावलात आणि त्याच्याशिवाय नकाशा नव्याने काढून घेतलात, कारण आधीच बसवलेला रेणू गणिताला स्वतःच्या बाजूने झुकवतो. त्या रिकाम्या जागी घनता पुन्हा उमटली, तेव्हाच आपण पुढचे प्रकरण लिहायला संमती दिलीत. परीक्षकांनी नेमका हाच प्रश्न विचारला आणि उत्तर तयार होते.

प्रबंधाची प्रत टपालाने पाठवली आहे. तिसऱ्या प्रकरणातील निकेलच्या आकृतीवर आपल्या लाल पेन्सिलीची वाट पाहतो.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी