मैदानाबाहेर बसवलेल्या पोरींसाठी: क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खासगी संस्थेच्या शाळेत 26 वर्षं क्रीडाशिक्षक होतो. खो-खो शिकवला, थोडी कबड्डीही. या सगळ्या वर्षांत शालेय स्पर्धांच्या प्रवेशिका मीच भरल्या. नाव, जन्मतारीख, इयत्ता, जनरल रजिस्टरचा नंबर, फोटो, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. खो-खोच्या प्रवेशिकेवर 12 नावं जायची. मैदानात 9 जणी उतरायच्या, उरलेल्या तिघी राखीव. नऊ आणि तीन यांच्या मधली रेघ कोण ओढतं आणि कशी ओढतं, एवढ्यासाठीच हे पत्र आहे. एकदा ती रेघ मी चुकीची ओढली. ती गोष्ट आधी सांगतो.

14 वर्षांखालील मुलींची जिल्हास्तरीय स्पर्धा होती. संघात आठवीतली एक मुलगी होती. तिचं नाव लिहीत नाही, ती आता संसारात आहे. आईबाप ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की टोळ्या निघतात, हे आपल्याला सांगायला नको. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असूनही पोरीची स्पर्धा होईस्तोवर त्यांनी जाणं चार दिवस लांबवलं होतं. पोरगी पळतीला, म्हणजे बचावाच्या पाळीला, अशी की सरावात तिला बाद करताना आमच्याच दहावीच्या पोरींना घाम फुटायचा. खांबाजवळ आली की एक खांदा आत टाकायची आणि दुसऱ्याच बाजूनं निसटायची. ही हुलकावणी मी तिला शिकवली नव्हती. तिची तिनंच काढली होती.

आदल्या संध्याकाळी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्याचा फोन आला. "सर, आमच्या ताईला नुसतं नावाला ठेवू नका बरं का. खेळवा. घरचे सगळे बघायला येणारेत." त्यांची पुतणी बारा जणींत होतीच. त्या वेळी माझ्या वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव संस्थेच्या कपाटात पडून होता. फोनवर त्याचा कुणी उल्लेख केला नाही. तशी गरजही नव्हती.

सकाळी नऊ जणींची नावं वाचली, त्यात ऊसतोड कामगाराच्या पोरीचं नाव नव्हतं. ती काही बोलली नाही. गुडघ्याला पट्टी बांधून तयार होती, तशीच गुणलेखकाच्या टेबलामागं जाऊन बसली आणि चारही पाळ्या तिथंच बसून राहिली. बाप मैदानाच्या कडेला उकिडवा बसला होता. पाळी संपली की तो माझ्याकडं बघायचा, आता तरी तिला उतरवतील म्हणून. पदाधिकाऱ्यांची पुतणी पळणाऱ्या तिघींच्या पहिल्याच तुकडीत अर्ध्या मिनिटाच्या आत बाद झाली. त्या लेकराचा तरी यात काय दोष? बाहेर येताना तिचे डोळे भरलेले होते आणि घरचे टाळ्या वाजवत होते.

तो सामना आम्ही जिंकलो. म्हणून मला कुणी जाब विचारलाच नाही.

पुढच्या फेरीला ती मुलगी आली नाही. घरी गेलो तर दाराला कुलूप. शेजारच्या पडवीत आजी बसली होती. "गेली मायबापासंगं कारखान्यावर. म्हणली, तसंबी बसूनच राहायचंय, तर कोयता तरी धरते." आजीनं आतून संघाचा टी-शर्ट आणून दिला. धुतलेला, नीट घडी घातलेला, पाठीवर 11 नंबर. तो हातात घेऊन मी मोटारसायकलपर्यंत कसा चालत आलो, ते माझं मला माहीत.

मंत्रिमहोदय, मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात जा, अशी एखादी गोष्ट सांगणारा माणूस भेटेल. शिक्षकांचे हात का दबतात, हे मी आतून पाहिलं आहे. कुणी विनाअनुदानित तुकडीवर आहे, कुणी मानधनावर. कुणाची मान्यता अडकलेली, कुणाची बदली टांगणीला. संघाच्या यादीवर सही त्याची आणि त्याच्या पगाराचा कागद दुसऱ्याच्या हातात. अशा माणसाला आपण नि:पक्षपातीपणाचं व्याख्यान दिलं तर त्यानं ते ठेवायचं कुठं?

दुसरं कारण प्रमाणपत्र. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्याची एक वाट शालेय स्पर्धांमधूनही जाते. दोन्ही योजना चांगल्याच आहेत. गरिबाच्या पोराला खेळाचा आधार त्यांनीच दिला. पण प्रमाणपत्रावर संघाचं नाव असतं, स्तर असतो, क्रमांक असतो. खेळाडू किती वेळ मैदानात होता, ते नसतं. चारही पाळ्या खेळणारीला आणि एकही पाळी न खेळलेलीला तोच कागद मिळतो. त्यामुळं राखीव तीन जागांना भाव येतो. सांघिक खेळात शाळेचा तोच संघ तालुक्यापासून जिंकत पुढं जातो, म्हणजे ऑगस्टमध्ये शाळेच्या स्टाफरूममध्ये जी नावं लिहिली तीच वरपर्यंत जातात. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं आपल्या खात्यानं पाहिली आहेत, पडताळणीही कडक केली आहे. पण खरी सही, खरा शिक्का असलेला आणि मैदानावर कधीच न उतरलेला खेळाडू कुठल्या पडताळणीत सापडणार?

धावपटू अविनाश साबळे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, आणि 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्याचं कौतुक करताना मला दर वेळी एकच वाटतं, बरं झालं हा पोरगा घड्याळाच्या खेळात गेला. घड्याळाला कुणाचा पुतण्या कळत नाही. सांघिक खेळातल्या पोरांचं भवितव्य मात्र माझ्यासारख्या माणसाच्या जिभेवर असतं.

याच धाराशिवच्या मातीतून सारिका काळे उभ्या राहिल्या. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाच्या कर्णधार, 2020 चा अर्जुन पुरस्कार, आणि नंतर आपल्याच खात्यात तालुका क्रीडा अधिकारी. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. तो सामना मी घरी टीव्हीवर पाहिला आणि मध्येच उठून अंगणात गेलो. मला ती 11 नंबरची पोरगी आठवली होती. ती तिथवर पोचली असती असा माझा दावा नाही. पोचली नसती, हे ठरवायचा अधिकार मला कुणी दिला होता, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता खेळातलीच एक गोष्ट सांगतो, ती आपल्या खात्याला कामाची आहे. खो-खोत कोण कसं खेळलं ते लपत नाही. पळणारी खेळाडू किती मिनिटं, किती सेकंद टिकली, कुणी किती गडी टिपले, हे सगळं गुणलेखक गुणपत्रकात लिहितोच. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात "2.10 मिनिटे संरक्षण, 3 गडी बाद" असं छापून येतं ते त्याच कागदावरून. म्हणजे पुरावा आधीपासून तयार असतो. स्पर्धा संपली की त्याचा गठ्ठा बांधला जातो आणि कुणी परत उघडत नाही.

त्या प्रकारानंतर मी स्वतःची वही घातली. सरावातल्या प्रत्येक सामन्यात कोण किती वेळ पळालं, किती टिपले, किती वेळा नियमोल्लंघन झालं, कोण सरावाला आलं आणि कोण नाही. पुढं एका वर्षी एक पालक तावातावानं शाळेत आले. "माझी पोरगी समद्यात पुढं पळती, मग बसवली का?" मी वही उघडून समोर ठेवली. पोरगी वेगवान होती, हे खरंच. पण बसती असताना खो मिळण्याआधी उठायची, आणि त्या महिन्यात सात सामन्यांत तिचं नियमोल्लंघन वीसच्या वर झालं होतं. पालकांनी दोन पानं वाचली. मग म्हणाले, "हे आधी का नाही दावलं सर? तिला सांगितलं असतं." पुढचे तीन आठवडे बाप रोज संध्याकाळी पोरीला घेऊन मैदानावर यायचा. त्या दिवशी मला उमगलं, पोराला बसवलं याचं दुःख पालक सोसतात. का बसवलं हे न कळण्याचं दुःख त्यांना सोसत नाही.

गुणवत्तेबद्दलही एक बोलू द्या. "गुणवत्तेवर निवड करा" हे म्हणायला सोपं आहे. पण तेराव्या वर्षी गुणवत्ता म्हणजे काय? एखादी पोरगी वर्षभर आधी उंच झाली म्हणून ती चांगली, आणि दुसरी अंगानं बारीक म्हणून कच्ची? मैदानावर उतरल्याशिवाय हुलकावणी सुचत नाही, दम वाढत नाही, हरायची भीती जात नाही. जिला उतरूच दिलं नाही तिच्याकडं गुणवत्ता नाही, असं म्हणणं म्हणजे पेरलंच नाही त्या रानाला नापीक म्हणण्यासारखं आहे. म्हणून माझं मत असं, की 14 वर्षांखालच्या गटात तालुका आणि जिल्हा स्तरावर बाराही जणींना प्रत्येक सामन्यात निदान एका पाळीत मैदानावर उतरवणं सक्तीचं करावं. विभाग स्तरापासून पुढं खुशाल जिंकण्यासाठी खेळू द्या. 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत तर निवड कडकच हवी. तिथं दयेनं जागा वाटणं हाही घाम गाळणाऱ्या पोरांवर अन्यायच आहे.

निवड चाचणीची तारीख शाळेच्या फळ्यावर आठ दिवस आधी लागू द्या, आणि निकाल आकड्यांसकट तिथंच लावू द्या. क्रीडा प्रबोधिनीच्या, म्हणजे शासनाच्या निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्राच्या, प्रवेशाला आपण 30 मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, शटल रन अशा चाचण्या घेता आणि त्यांचे गुण मांडता. तशी साधी चाचणी शाळेला काही जड नाही. एक फिता आणि एक स्टॉपवॉच पुरे. यादीवर एकट्या क्रीडाशिक्षकाची सही नको. शेजारच्या शाळेतले एक शिक्षक आणि गावातला एखादा जुना खेळाडू, अशा तिघांची असावी. फोन आला तर शिक्षकाला म्हणता तरी येईल, "साहेब, माझ्या एकट्याच्या हातात नाही." हे वाक्य माझ्याकडं त्या संध्याकाळी असायला हवं होतं.

आणि गुणपत्रकाची प्रत प्रमाणपत्रासोबत जोडा, किंवा निदान जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या नोंदीत चढवा. जी मैदानावर उतरलीच नाही तिला संघात असल्याचा कागद जरूर द्या. सवलतीचे गुण मात्र खेळलेल्या पाळ्या पाहून द्या. हे झालं की राखीव जागांसाठी येणारे निम्मे फोन आपोआप बंद होतील.

2025 मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, त्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. मोठ्या संघटनांच्या भांडणांना दार मिळालं, चांगलं झालं. पण आठवीतल्या पोरीच्या बापानं कुठं जायचं? तालुका क्रीडा अधिकाऱ्याकडं साध्या कागदावर तक्रार द्यावी आणि पुढच्या फेरीच्या आधी उत्तर मिळावं, एवढं झालं तरी पुष्कळ आहे. एक विनंती आणखी. जिल्हा आणि विभागाच्या तारखा ठरवताना साखर कारखान्यांचा हंगाम डोळ्यापुढं ठेवा. टोळ्या निघाल्यावर बीड, धाराशिव, जालन्याकडच्या कितीतरी शाळांतली चांगली पळणारी पोरं पटावर असतात आणि मैदानावर नसतात.

माझ्याकडं 11 वह्या आहेत. पत्र्यातून पाणी गळून दोन वह्यांची शाई पसरली आहे, बाकीच्या स्वच्छ वाचता येतात. आपल्या कार्यालयातून कुणी बोलावलं तर घेऊन येईन. तालुक्याच्या प्रवेशिका जुलै-ऑगस्टमध्ये भरल्या जातात. परिपत्रक काढायचं मनावर घेतलंत, तर ते त्याआधी शाळांच्या हाती पडावं.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
जि. धाराशिव