आई, या खेपेला भाजणी आणू नकोस

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणार. पण फोनवर आपलं बोलणं होतं कुठे? चिऊ मोबाइल ओढते, आई तिला ‘काय जेवलीस’ विचारते, बाबा मागून ‘बीपी नॉर्मल आहे’ असं ओरडून सांगतात आणि संपला फोन. परवा मी ‘उन्हाळ्यात व्हिएन्नाला या’ म्हटलं तर आई म्हणाली, ‘भाजणी दोन किलो पुरेल ना?’ आणि बाबा म्हणाले, ‘तिथे बघायचं काय? चार वाजता तर अंधार होतो.’ तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून चिऊ झोपल्यावर लिहायला बसले.

बाबा, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही दहा दिवस आलात तो डिसेंबर होता आणि चार वाजता खरंच दिवे लागायचे. आईचं तर त्याहून वाईट. ती माझ्या बाळंतपणाला आली आणि 80 दिवस राहिली. त्या 80 दिवसांत तिने व्हिएन्ना काय पाहिलं? हॉस्पिटल, खालचं दुकान, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा समोरच्या इमारतीचा जिना. त्या जिन्यातल्या कुठल्या मजल्यावर कोण किती वाजता घरी येतं ते तिला पाठ झालं होतं. परत जाताना विमानतळावर म्हणाली, ‘छान आहे हो तुझं गाव.’ मी हो म्हटलं, पण ते वाक्य आजही टोचतं. तिने माझं गाव बघितलंच नव्हतं, आणि मीही तिला दाखवलं नव्हतं.

तर या खेपेला तुम्ही पाहुणे म्हणून यायचं. जूनच्या मध्यावर या आणि जुलैअखेर जा. भाजणी, सांडगे, मेतकूट काही नको. स्वयंपाक तुमचे जावई आणि मी बघू, आईने फक्त नावं ठेवायची. जूनमध्ये इथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, उजेड त्यानंतरही बराच वेळ रेंगाळतो. म्हणजे दुपारी तुमची वामकुक्षी झाली, चहा झाला, चिऊ बालवाडीतून आली, तरी पुढे चार तास लख्ख ऊन शिल्लक. म्हणून मी ठरवलंय, दिवसाला एकच गोष्ट. टूरवाल्यांसारखं ‘उतरा, फोटो काढा, चढा’ करायचं नाही. बाबांचा गुडघा हे एक कारण, पण गुडघा धड असता तरी मी हेच केलं असतं.

बाबा, तुमच्यासाठी पहिलं आकर्षण आपल्या स्वयंपाकघरातला नळ आहे. हसू नका. त्या नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं आहे. पहिली वाहिनी 1873 साली सुरू झाली, दुसरी 1910 साली, आणि ही दुसरी तर सुमारे 180 किलोमीटरवरून येते. मध्ये कुठे पंप नाही, नुसता उतार. डोंगरातून निघालेलं पाणी 36 तासांनी शहरात पोचतं आणि वाटेत त्याच उतारावर वीजही तयार करून घेतात. उन्हाळ्यात गावभर हजाराहून जास्त पिण्याचे नळ चालू असतात, बाटली न्यायची आणि भरायची. श्वार्झेनबर्गप्लाट्झला मोठं कारंजं आहे, ते पहिली वाहिनी आली तेव्हा तिच्या उद्घाटनाचं. संध्याकाळी त्यावर रंगीत दिवे सोडतात. तिथे मागे बाकं आहेत, तुम्ही आईला ‘ग्रॅव्हिटी स्कीम’ समजावत बसा. तिने तुमची 35 वर्षांची पाटबंधारे खात्यातली नोकरी ऐकून घेतलीय, हेही ऐकून घेईल.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डोनाऊइन्झेल, डॅन्यूबमधलं बेट. तुम्ही गोसीखुर्द धरणाच्या साइटवर असताना मी शाळेत होते आणि मला वाटायचं, माती उकरण्यात एवढं काय कौतुक. आता कळतं. इथे पुराचा बंदोबस्त म्हणून 1972 ते 1988 या काळात नदीशेजारी दुसरं पात्र खणलं, 21 किलोमीटर लांब. खणलेली माती दोन पात्रांच्या मध्ये टाकत गेले आणि त्याचं बेट झालं. एरवी नव्या पात्राची दारं बंद, पाणी तळ्यासारखं निवांत, लोक पोहतात. पूर आला की वरची दारं उघडायची. दोन्ही पात्रं मिळून सेकंदाला 14,000 घनमीटर पाणी जाईल असा हिशोब आहे. सप्टेंबर 2024 च्या पुरात ती दारं उघडली आणि डॅन्यूबने शहराला फारसा त्रास दिला नाही. गडबड केली ती वीन नावाच्या छोट्याशा नदीने. एरवी घोट्याएवढं पाणी, त्या दिवशी भिंतींना लागून धावत होतं आणि शेजारची मेट्रो बंद पडली. आदल्याच सप्टेंबरात नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीने काय केलं ते तुम्ही गच्चीवरून बघितलं होतंत, म्हणून सांगते.

बेटावर जायला मेट्रो थेट त्या बेटावरच थांबते, जिना नको, लिफ्ट आहे. एक सूचना मात्र आधीच देऊन ठेवते. बेटाच्या दोन टोकांना काही लोक काहीही न घालता ऊन खात पडलेले असतात. तशी पाटी असते. आपण मधल्या भागात जाऊ, पण बाबा चालत चालत पुढे निघाले तर मला दोष द्यायचा नाही.

आई, तुझ्यासाठी फोक्सगार्टन. गावाच्या मधोमध, जुन्या राजवाड्याला लागून गुलाबांची बाग आहे, 3,000 हून जास्त झाडं. जूनमध्ये सगळी एकदम फुललेली असतात. आपल्याकडे देशी गुलाबाचा वास येतो तसा इथे प्रत्येक झाडाला येत नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तू नाक लावून ‘याला वासच नाही’ म्हणशील. काहींना आहे, मी शोधून ठेवलीत. पण मी तुला तिथे नेणार आहे ते झाडांच्या बुंध्याशी लावलेल्या छोट्या पाट्या वाचायला. लोक पैसे भरून एकेक झाड दत्तक घेतात आणि पाटीवर हवं ते लिहितात. कुणी लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं, कुणी नुसतं नाव, कुणी गेलेल्या आईला ‘धन्यवाद’. मी चिऊची गाडी ढकलत तिथे जायचे, ती झोपायची आणि मी पाट्या वाचत जर्मन शिकायचे. माझं अर्धं जर्मन त्या गुलाबांनी शिकवलंय, तेव्हा पोस्टात गेल्यावर मी जरा जास्तच प्रेमळ बोलते.

बागेबाहेरूनच 1 आणि 2 नंबरच्या ट्राम जातात. हा रस्ता म्हणजे रिंग, जुनी तटबंदी पाडून केलेला. पाडायचा हुकूम निघाला 1857 साली, आपल्याकडे उठाव पेटला होता तेव्हा. पाय दुखले की ट्राममध्ये बसायचं आणि खिडकीतून पार्लमेंट, ऑपेरा, म्युझियम सगळं बघायचं. आठवड्याचा पास काढून देईन. मेट्रोच्या स्टेशनात फाटकं नाहीत, कुणी तिकीट मागत नाही, मध्येच साध्या कपड्यातला तपासनीस येतो. बाबा, पास खिशात नव्हे, गळ्यातल्या पिशवीत.

काहलेनबर्गला एक संध्याकाळ. हाइलिगेनश्टाट स्टेशनातून 38 ए नंबरची बस थेट टेकडीवर नेते. वाटेत ग्रिन्झिंग लागतं, आणि दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, शहराच्या हद्दीत! वरून सगळं व्हिएन्ना आणि डॅन्यूब दिसते. 12 सप्टेंबर 1683 ला याच टेकडीवरून पोलंडचा राजा सोबिएस्की खाली उतरला आणि तुर्कांचा वेढा मोडला. बाबा, त्याच वर्षी आपल्या संभाजीराजांनी गोव्यात पोर्तुगीजांना जेरीस आणलं होतं. तुम्हाला सन पाठ असतात म्हणून सांगितलं. जावयांची परीक्षा घ्या, त्यांना येणार नाही.

उतरताना हॉयरिगरमध्ये जेवू. शेतकरी आपल्याच मळ्याची वाइन आपल्याच अंगणात विकतो, ती ही जागा. दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगली असेल तर आज चालू, नसेल तर बंद, आपल्या तोरणासारखं. तुम्हाला वाइन नको हे ठाऊक आहे, द्राक्षाचा रस मिळतो. ब्रेडला लावायचं लिप्टाउअर नावाचं एक प्रकरण आहे, मऊ चीज, त्यात लाल तिखट न झोंबणारं. आई त्यात मीठ-मिरची घालून दुरुस्ती करेलच.

खाण्यावरून आठवलं. जुलैत जर्दाळू येतात, त्यांना इथे मारिले म्हणतात. त्याचे उकडलेले गोळे करतात. बटाट्याची किंवा ताज्या चीजची उकड, आत अख्खा जर्दाळू, बी काढून तिथे साखरेचा खडा. उकळत्या पाण्यात सोडायचे, वर आले की काढायचे आणि लोण्यावर खमंग परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात लोळवायचे. मी पहिल्यांदा फोडला तेव्हा आतून गरम केशरी रस ताटात पसरला आणि मला एकदम तुझे मोदक आठवले. चव अजिबात तशी नाही, आंबटगोड असते, पण फोडण्याची घाई तीच. हे मी तुला करून घालणार.

आणि ते जर्दाळू जिथून येतात त्या डॅन्यूबच्या खोऱ्यात, वाखाऊला, एक दिवस. मेल्कपर्यंत आगगाडी, तिथून बोटीने प्रवाहाबरोबर क्रेम्स. उलटं गेलं तर बोट प्रवाहाविरुद्ध फार वेळ घेते, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. दोन्ही काठांवर दगडी ताली घालून केलेले मळे, मध्येच ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला. इंग्लंडच्या रिचर्ड राजाला 1192 साली तिथे कैद करून ठेवलं होतं. किल्ल्यावर चढायचं नाही. बोटीतून दिसतो तेवढा पुरे.

शेनब्रुनच्या राजवाड्यात मी तुम्हाला आतून नेणार नाही. रांग, गर्दी, कानाला लावायचं यंत्र, आणि एकापाठोपाठ एक सोनेरी खोल्या. बाग फुकट आहे आणि सकाळी आठला तिथे खारी आणि म्हातारे एवढेच असतात. चिऊ प्राणिसंग्रहालयाचा हट्ट करेल, ते 1752 पासूनचं आहे, तिला आजोबा नेतील असं मी परस्पर कबूल करून बसलेय.

जुलैत रात्री राटहाउसच्या, म्हणजे महापालिकेच्या, चौकात मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि गाण्याचे कार्यक्रम दाखवतात, फुकट. अंधार पडल्याशिवाय सुरू होत नाही, त्यामुळे त्या दिवशी दुपारी झोप सक्तीची. ऑपेरा कळला नाही तरी चालेल. कोजागरीला गच्चीवर बसायचो तसं बसायचं.

आता उकाड्याचं. युरोप म्हणजे थंड, असं समजून नुसते स्वेटर भरू नका. पारा 35 च्या वर जातो, घरात एसी नाही, कूलर ही वस्तू तर इथे लोकांना समजावूनही सांगता येत नाही. नागपूरच्या माणसाला 35 म्हणजे काय, असं बाबा म्हणतील, पण ही घरं थंडीसाठी बांधलेली, उष्णता आत आली की जात नाही. सकाळीच खिडक्या आणि पडदे बंद करायचे, रात्री उघडायचे. आईच्या शिस्तीतलं काम आहे. अगदीच झालं तर कॅफे. एक मेलांज मागवली की चांदीच्या रंगाच्या तबकात कॉफी आणि शेजारी पाण्याचा पेला, पेल्यावर चमचा पालथा ठेवलेला. दोन तास बसलात तरी कुणी उठवत नाही. आणि रविवारी दुकानं बंद, हे विसरू नका. मागच्या खेपेला रविवारी दूध संपलं होतं आणि आईने ते जगबुडीसारखं घेतलं होतं.

व्हिसासाठी प्रवास-विमा लागतो, किमान 30,000 युरोचा. तो मी इथून बघते, तुम्ही एजंटाला पैसे देऊ नका. गोळ्या पुऱ्या दिवसांच्या आणा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. आई, चपला नको, बूट घे, आणि आत्तापासून ते घालून रोज फुटाळा तलावाला एक चक्कर मार, म्हणजे इथे चावणार नाहीत.

बाबा, तुम्ही पत्र मोठ्याने वाचता हे मला माहीत आहे. इथून पुढचं वाचू नका, कागद आईच्या हातात द्या.

आई, चिऊ महिन्याची असताना रात्री दोन वाजता ती रडत होती आणि तू मला जागं ठेवायला बोलत होतीस. तेव्हा सांगितलं होतंस की काटोलला संत्र्याच्या बागेतल्या विहिरीत तू काठावरून उडी मारायचीस, मामापेक्षा लांब. आणि लग्नानंतर पाण्यात उतरलेच नाही, म्हणालीस. इथे डॅन्यूबचा एक जुना वळसा आहे, आल्टे डोनाऊ. दीडशे वर्षांपूर्वी नदी सरळ केली तेव्हा तो मागे राहिला, आता त्याला ओढ नाही, तळंच आहे. मंगळवारी सकाळी तिथे सत्तरीच्या बायका येतात. टॉवेल गवतावर टाकतात, कठड्याला धरून शिडीने उतरतात आणि गप्पा मारत मारत पोहत जातात. कुणी कुणाकडे बघत नाही. मी तुझ्यासाठी बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोशाख आणून ठेवलाय. गडद निळा. मापाचा अंदाज तुझ्या जुन्या ब्लाउजवरून घेतलाय, सैल असेल तर दोन टाके घालू.

तुमची लाडकी,
ताई