शाल-श्रीफळ नसलेली व्याख्यानं

लंडन, १६ नोव्हेंबर

चि. बाळूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअॅपवर चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. प्रकृती ठीक आहे. थंडीने गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. लेक-जावई कामावर, नातू शाळेत आणि सूर्य सव्वाचारलाच गाशा गुंडाळतो. टीव्ही तरी किती बघायचा? शेजारच्या आजींनी सुचवलं, संध्याकाळी व्याख्यानांना जात जा, पैसे पडत नाहीत. तेव्हापासून माझा दिनक्रमच बदलला. मी जाते त्यातलं एक ठिकाण ग्रेशम कॉलेज.

ग्रेशमचा नियम तू बँकेच्या परीक्षेसाठी घोकला होतास. निकृष्ट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हाकलतो, तोच. नियम त्याने शोधलेला नव्हेच म्हणे, मागाहून लोकांनी त्याच्या नावावर चढवला. मृत्युपत्र मात्र त्याचंच. लंडनचं रॉयल एक्स्चेंज, म्हणजे व्यापाऱ्यांची सौदे करायची जागा, उभारणारा हा सर थॉमस ग्रेशम १५७९ साली वारला. त्याने लिहून ठेवलं होतं की त्या एक्स्चेंजच्या भाड्यातून सात प्राध्यापकांना पगार द्यायचा आणि त्यांनी गावातल्या लोकांना व्याख्यानं द्यायची. खगोलशास्त्र, भूमिती, वैद्यक, कायदा, संगीत, धर्मशास्त्र आणि वक्तृत्व. आधी बायकोची हयातभर सोय, मग हे. त्यामुळे ग्रेशम कॉलेज सुरू व्हायला १५९७ उजाडलं. म्हणजे शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. कॉलेज म्हणायचं, पण विद्यार्थी नाहीत, परीक्षा नाही, पदवी नाही. नुसती व्याख्यानं, तीही सगळ्यांना फुकट, आजतागायत. सुरुवातीला सकाळी लॅटिनमध्ये बोलायचं आणि तेच दुपारी इंग्रजीत, असा दंडक होता. विद्वानांची सोय झाली आणि बाजारातल्या माणसाचीही.

आता माझ्या कामाची गोष्ट. तिथला भूमितीचा पहिला प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज. मी इतकी वर्षं पोरांना गुणाकाराची बेरीज करून देणारं लॉग टेबल बघायला शिकवलं, त्यातला पाया दहा धरायचा हा विचार त्याने पुढे रेटला. लॉगॅरिदम काढले स्कॉटलंडच्या नेपियरने, १६१४ साली. ते वाचून ब्रिग्ज इतका हरखला की दुसऱ्या वर्षी थेट एडिंबरोला गेला. भेट झाली तेव्हा पाव तास दोघं नुसते एकमेकांकडे बघत राहिले, असं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण मला पटतं. मग ब्रिग्जने बसून आकडे काढले, दशांशचिन्हापुढे चौदा स्थळांपर्यंत, आणि १६२४ साली ते छापले. कॅल्क्युलेटर नाही, काही नाही. माझ्या दहावीच्या पोरांना हे सांगायला हवं होतं, निदान टेबल फाडून विमानं करताना थोडी लाज वाटली असती.

भूमितीच्या प्राध्यापकाच्या त्याच खुर्चीवर पहिली बाई बसली २०२० साली, सारा हार्ट. मोज बघू मध्ये किती वर्षं गेली ते. आपल्याकडे बायकांना गणित जमत नाही म्हणणारे मामा आज असते, तर त्यांना हाताला धरून इथे आणलं असतं.

हल्ली ग्रेशम कॉलेजची बरीच व्याख्यानं हॉबर्नला बर्नार्ड्स इन हॉलमध्ये होतात. रस्त्यावरून कळतही नाही. दोन दुकानांच्या मधल्या बोळातून आत गेलं की जुना लाकडी तक्तपोशीचा हॉल लागतो, फार मोठा नाही. आधी नाव नोंदवलं की झालं. गेल्या आठवड्यात माझ्या एका बाजूला थर्मास घेऊन आलेले आजोबा, दुसऱ्या बाजूला ऑफिसातून तशीच आलेली मुलगी, पायात पळायचे बूट आणि मांडीवर सँडविचचा डबा. सहाला म्हणजे सहाला सुरू. एका बाईंनी वक्त्याची ओळख दोन वाक्यांत करून दिली आणि खाली बसल्या. दीपप्रज्वलन नाही, पुष्पगुच्छ नाही, ‘यांच्या परिचयाची गरज नाही’ म्हणून वीस मिनिटं परिचय नाही. शेवटी प्रश्न. बारा-तेरा वर्षांच्या एका पोराने अनंताबद्दल काहीतरी विचारलं. प्राध्यापक थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, याचं उत्तर मला माहीत नाही. सभागृहात कुणाला त्याचं काही वाटलं नाही, हे मला फार आवडलं.

सगळंच असं गोड नाही हं. एका ठिकाणी, नाव सांगत नाही, एक विद्वान तासभर पडद्याकडे तोंड करून स्लाइडवरचंच वाचत होते. निम्मा हॉल पेंगत होता, त्यात मीही. हातात कागद न घेता दोन तास सभा बांधून ठेवणारे आपले वक्ते इथे दिसत नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्याला वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याला कानाची चैन आहे. इथे वाणी बेताची आणि मजकूर भरपूर. दोन्ही एकत्र मिळालं तर काय हवं?

हॉबर्नहून चालत गेलं की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. वाटेत ग्रेज इन लागतं, बॅरिस्टरांची जुनी संस्था. बाबासाहेब तिथून बॅरिस्टर झाले आणि या स्कूलमधून १९२३ साली डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध तुझ्याकडे आहेच. स्कूलमध्ये त्यांचा अर्धपुतळाही आहे. तिथलीही संध्याकाळची बहुतेक व्याख्यानं कुणालाही खुली. मोठं नाव असलं की रांग मात्र लवकर धरावी लागते. प्रश्न विचारण्याआधी स्वतःचं नाव आणि संस्था सांगायची पद्धत आहे. माझ्या पुढचे सगळे अमुक विद्यापीठ, तमुक बँक. मी सांगितलं, निवृत्त शिक्षिका, महाराष्ट्र. अध्यक्षांनी मान डोलावली आणि पुढे बोला म्हणाले.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटला तो वेगळाच प्रकार. इथे माणूस प्राध्यापक झाला की त्याने एक जाहीर व्याख्यान द्यायचं, अशी जुनी प्रथा बऱ्याच विद्यापीठांत आहे. आपण इतकी वर्षं काय शोधतोय, ते कुणालाही कळेल असं सांगायचं. एकाला गेले होते. जिवाणूंवर औषधं का चालेनाशी होतात, हा विषय. पहिल्या रांगेत त्या बाईंची आई, नवरा, मुलं आणि त्यांना शाळेत शिकवणाऱ्या बाई. आईला कळावं म्हणून त्या बाई दर दोन मिनिटांनी सोपं करून सांगत होत्या, त्यामुळे मलाही कळलं.

म्हणून तुला सांगते. तू आपल्या गावच्या व्याख्यानमालेच्या कमिटीवर आहेस. मुंबई-पुण्याचे वक्ते आणता, त्यांचं जाणं-येणं, मानधन, जेवण, त्यात वर्गणी संपते. आपल्याच कॉलेजात पीएचडी झालेली किती मंडळी आहेत? त्यांनी कशावर काम केलं, गावात एकाला तरी ठाऊक आहे का? तो वनस्पतिशास्त्राचा मुलगा नदीकाठच्या गवतावर वर्षानुवर्षं काहीतरी करतो आहे, त्याला आपण फक्त निवडणुकीच्या ड्यूटीवर बघतो. मालेच्या पाच दिवसांतला एक दिवस अशा माणसाला द्या. पाऊण तास बोलणं, अर्धा तास प्रश्न. अध्यक्षीय समारोप नाही. आबासाहेब रुसतील, त्यांना आदल्या दिवशी अध्यक्ष करा.

शुभाला सांग, मेतकूट संपत आलं आहे. चिनूच्या मार्कांचं कळव. मी डिसेंबरअखेर येते. ब्रिग्ज आणि नेपियरवर मी बोलायला तयार आहे. मानधन नको, शालही नको, फळा मात्र मोठा आणि खडू चांगले ठेव, गेल्या वेळचे मोडत होते.

तुझी,
ताई